गव्हाच्या पोत्यावरचे दोन हात : अमेरिकेचं सरकार शेतात आणि जगात

रानवारा
आमच्या माळ्यावर पत्र्याचा एक चौकोनी डबा आहे. आजी त्यात मटकीचं बियाणं ठेवायची, वर राख पसरून. या दिवाळीच्या साफसफाईत तो खाली काढला, ओल्या फडक्याने पुसला, तर गंजाखालून निळी-तांबडी ढाल दिसायला लागली आणि ढालीवर एकमेकांत गुंफलेले दोन हात. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मुलांच्या खाऊसाठी अमेरिकेतून तेल यायचं, त्याचा हा रिकामा डबा.

तो आमच्या गावापर्यंत आला कसा, याचा शोध घेताना गेले काही महिने वाचत बसलो. मला जे म्हणायचंय ते आधीच सांगतो. अमेरिकेचं परराष्ट्र धोरण आणि तिथल्या सरकारचा अर्थव्यवहारातला हात हे दोन वेगळे विषय म्हणून वाचले की दोन्ही अर्धवट कळतात. हा डबा वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्यात जन्मला नाही. त्याचं मूळ शेतकऱ्याच्या पडलेल्या भावात आहे.

पहिल्या महायुद्धात युरोपला धान्य हवं होतं. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सरकारने गव्हाला बुशेलमागे २.२० डॉलर भावाची हमी दिली (बुशेल म्हणजे साधारण २७ किलो). शेतकऱ्यांनी कर्ज काढून माळरानं नांगरली. युद्ध संपलं, युरोपची शेतं पुन्हा पिकायला लागली आणि भाव कोसळला. १९३२ मध्ये तोच गहू सरासरी ३८ सेंटला जात होता. त्या दरम्यान एक विधेयक दोनदा संसदेत मंजूर झालं : जादा गहू सरकारने विकत घ्यावा आणि परदेशात मिळेल त्या भावाला विकावा. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२७ आणि १९२८ मध्ये ते दोन्ही वेळा फेटाळलं. सरकारने बाजारात उतरू नये, ही त्यांची ठाम समजूत होती.

१९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट आले तेव्हा दर चार कामगारांत एक बेकार होता. त्यांच्या सरकारने भाव वर यावा म्हणून उभा कापूस नांगरून टाकायला पैसे दिले, जवळपास १ कोटी एकर. सुमारे ६० लाख डुकराची पिल्लं मारली. शहरांत लोक पावासाठी रांगेत उभे असताना हे चाललं होतं, आणि त्यावरून देशभर संताप उसळला. पण त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात एक संस्था निघाली, ती आजही आहे : कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन. हिचं काम आपल्या बाजार समितीतल्या शेतमाल तारण कर्जासारखं. धान्य गोदामात ठेवा, त्यावर कर्ज उचला. फरक एकच, पण तो फार मोठा. आपल्याकडे मुदत संपली की कर्ज फेडून माल सोडवावा लागतो. तिथे भाव वर गेला तर शेतकरी माल सोडवून विकणार, नाही गेला तर माल सरकारच्या गळ्यात टाकून मोकळा होणार. सरकारला तो घ्यावाच लागायचा.

दुसरं महायुद्ध आणि मार्शल योजनेची (युद्धानंतर युरोपला सावरायला दिलेल्या अमेरिकी मदतीची) पहिली वर्षं या धान्याला गिऱ्हाईक होतं. कोरियाचं युद्ध थांबलं आणि गोदामं भरून वाहायला लागली. हडसन नदीत युद्धातली जुनी मालवाहू जहाजं नांगरून ठेवलेली होती. १९५३ पासून त्यांच्या पोटात गहू भरायला सुरुवात झाली. फेकून द्यावा तर १९३३ चा संताप आठवतो, देशात विकावा तर भाव पडतो. मग १० जुलै १९५४ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० वर सही केली. आपले जुने लोक ज्याला ‘पीएल ४८०’ म्हणतात तो हाच. गरीब देशांनी धान्य घ्यावं, किंमत आपल्याच चलनात भरावी. तेव्हाच्या दुसऱ्या एका कायद्याने अशा मालातला निदान निम्मा माल अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतून न्यायचं बंधन आलं. म्हणजे शेतकरी, गोदामवाला, जहाजवाला यांची सोय झाली, आणि शीतयुद्धात मित्र मिळवायचं साधनही हाती आलं.

भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. सगळ्यात मोठा ४ मे १९६० चा : चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. त्यावर सही करणारे आपले अन्नमंत्री म्हणजे मुंबईचे स. का. पाटील. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते.

कुणाकडे घरच्या आठवणी असतील तर जरूर लिहा.

—

सदाफुली
छान लिहिलंय. एक शंका. आम्ही शाळेत शिकलो ते असं की, अमेरिका आधी जगापासून अलिप्त होती, सरकारही छोटं होतं, आणि विसाव्या शतकात दोन्ही बदललं. तुम्ही थेट १९१७ पासून सुरुवात केलीत म्हणून विचारते.

—

जुनी पानं
सदाफुली ताई, शाळेतलं ते चित्र अर्धंच खरं आहे. पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या पत्रात कायमच्या युती टाळा असं सांगितलं, हे खरं. पण व्यापार वाढवा, हेही त्याच पत्रात आहे. आणि सरकार छोटं असलं तरी रिकाम्या हाताने बसलेलं नव्हतं. अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक उभी केली, त्याच वर्षी कारखानदारीवरचा अहवाल संसदेपुढे ठेवला : नवे उद्योग तग धरेपर्यंत त्यांना आयातकराची भिंत हवी. जेफरसन आणि त्यांची मंडळी याच्या विरुद्ध. त्यांना शेतकऱ्यांचा देश हवा होता, बँकवाल्यांचा नको. हा वाद आजतागायत मिटलेला नाही.

पुढे १८२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी युरोपला बजावलं की अमेरिका खंडात नव्या वसाहती चालणार नाहीत. तेव्हा अमेरिकेचं आरमार हे बजावणं अमलात आणण्याइतकं मोठं नव्हतं. समुद्रावर ब्रिटनचा वचक होता आणि ब्रिटनलाही स्पेन परत यायला नको होता, म्हणून ते चाललं.

माझ्या मते खरं वळण १८६२ चं आहे. यादवी युद्ध ऐन भरात असताना लिंकन यांच्या सरकारने एका वर्षात चार गोष्टी केल्या : शेतीखातं काढलं, कसणाऱ्याला १६० एकर जमीन देणारा कायदा केला, पॅसिफिकपर्यंतच्या रेल्वेला जमीन आणि कर्ज दिलं, आणि राज्यांना शेतकी व यांत्रिकी कॉलेजं काढायला जमिनी दिल्या. ती जमीन मूळच्या आदिवासी जमातींकडून हिसकावलेली होती, हेही इथेच लिहायला हवं. रानवारा ज्या गव्हाबद्दल बोलताहेत तो गहू याच जमिनीवर, याच रेल्वेच्या कडेने पिकला. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध करून फिलिपिन्स २ कोटी डॉलरला घेतलं तेव्हा ‘आमच्या मालाला आशियाचा बाजार हवा’ हे कारण तिथले पुढारी उघड सांगत होते.

आयातकराचं म्हणाल तर १९१३ मध्ये प्राप्तिकर आला तोपर्यंत सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यावरच होता. १९३० मध्ये स्मूट-हॉली कायद्याने तो आणखी चढवला, हजारावर अर्थतज्ज्ञांनी सही करू नका म्हणून राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना विनवलं, त्यांनी केली. इतर देशांनी उलट कर लावले आणि मंदी आणखी खोल गेली. १९३४ मध्ये संसदेने कर कमी-जास्त करण्याचे करार करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला. १९४७ चा ‘गॅट’ हा अनेक देशांचा व्यापार करार आणि पुढचा सगळा खुला व्यापार या दाराने आला. 

—

तांबडी माती
मी बहात्तरच्या दुष्काळात दहा वर्षांचा होतो, सोलापूर जिल्ह्यात. रेशनवर मिलो यायची, लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना कड फाटायची, आणि थंड झाली की चामड्यासारखी व्हायची. आई पीठ उकळत्या पाण्यात मळायची तेव्हा कुठे ती एकत्र राहायची. वडील खडी फोडायच्या कामावर, दुपारी तिथे सुकडी मिळायची. ती मात्र आम्हाला आवडायची. लोक म्हणायचे, अमेरिकेत ही ज्वारी जनावरांना घालतात. हे ऐकून माझी आजी दोन दिवस जेवली नव्हती. ही मिलोसुद्धा त्या पीएल ४८० मधलीच ना?

—

रानवारा
तांबडी माती काका, तुम्ही हे लिहिलंत, मनापासून आभार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे, आणि मलाही ते वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं. पीएल ४८० खालची सवलतीची विक्री १९७१ च्या अखेरीला थांबली होती. बांगलादेशाच्या युद्धात निक्सन सरकारने पाकिस्तानची बाजू घेतली, संबंध तुटेपर्यंत ताणले गेले. बहात्तरचा पाऊस चुकला तेव्हा आपल्याला धान्य बाजारभावाने, परकीय चलन मोजून घ्यावं लागलं. आणि तेही नेमकं अशा वेळी, जेव्हा सोव्हिएत संघाने १९७२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेकडून प्रचंड गहू उचलला होता. त्या विक्रीवर अमेरिकेचं सरकार निर्यात अनुदान देत होतं. शत्रू मानलेल्या देशाला सवलतीत गहू गेला, जगात भाव भडकले, आणि महाराष्ट्रात खडी फोडणाऱ्या माणसाच्या वाट्याला मिलो आली.

जनावरांना घालतात हे खरं आहे. तिथे ज्वारी मुख्यतः चारा-खाद्य म्हणूनच पिकते. पण तुमच्या आजीला त्यात जो अपमान वाटला, त्याचं दुःख मला समजतं.

—

पाऊलवाट
गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, याच गव्हाबरोबर आलं ना? आमच्या रानात दर वर्षी उपटतो, हाताला खाज सुटते.

—

जुनी पानं
सगळीकडे तसंच सांगतात. पण तारखा जुळत नाहीत. पुण्यात ते गवत दिसल्याची नोंद १९५५-५६ ची, आणि पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. त्याआधी १९५१ मध्ये अमेरिकेने गव्हासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं, त्या धान्यातून बी आलं असणं शक्य आहे. पीएल ४८० च्या माथी मात्र ते उगाच मारलं गेलं.

त्या १९५१ च्या कर्जाचीही गोष्ट आहे. अमेरिकेच्या संसदेत ते महिनोन् महिने रखडलं. कोरियाच्या युद्धात भारत अमेरिकेच्या मागे उभा राहत नव्हता याचा राग होता, आणि अणुऊर्जेला लागणारी मोनाझाइट वाळू भारताने द्यावी असाही आग्रह धरला गेला.

—

इलिनॉयकर
मी गेली अठरा वर्षं इलिनॉयच्या मक्या-सोयाबीनच्या पट्ट्यात राहतो. खिडकीतून धान्याचं एलिव्हेटर दिसतं : रेल्वे रुळाला लागून सिमेंटचे उंच पांढरे नळकांडे, सुगीत त्याच्यासमोर ट्रकची रांग. शेजारी तिसऱ्या पिढीतले शेतकरी आहेत. ‘सरकारने आमच्यात पडू नये’ हे त्यांचं ठाम मत, आणि त्यात खोटेपणा नाही, ते तसंच जगतात. पण त्यांच्या घरातली प्रत्येक मोठी घडामोड वॉशिंग्टनच्या एखाद्या निर्णयाशी बांधलेली आहे.

त्यांचे वडील १९८० बद्दल अजून बोलतात. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि ४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १ कोटी ७० लाख टन धान्याची विक्री थांबवली. रशियाने अर्जेंटिनाकडून माल घेतला. इथल्या शेतकऱ्याला वाटलं, परराष्ट्र धोरणाची किंमत एकट्या आपणच भरली. रेगन यांनी निवडणुकीत बंदी उठवायचं वचन दिलं आणि एप्रिल १९८१ मध्ये ती उठवली.

मग २०१८. ट्रम्प यांनी चिनी मालावर कर लावले, चीनने सोयाबीनवर २५ टक्के लावला. त्या शरद ऋतूत एलिव्हेटरच्या बाजूला मोकळ्यावर धान्याचे ढीग घालून वर ताडपत्र्या टाकलेल्या मी पाहिल्यात. सरकारने भरपाई दिली : सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर, मक्याला १ सेंट. शेजाऱ्यांनी मला तो आकडा कागदावर दाखवला, कारण तोंडी सांगून मला खरा वाटेना. आणि ही भरपाई कुणाच्या खात्यातून आली? रानवारांनी लिहिलेल्या १९३३ च्या त्याच कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनच्या.

—

सदाफुली
पण मग रेगन यांचं काय? सरकारची भूमिका त्यांच्या काळात कमी झाली असंच सगळे म्हणतात.

—

जुनी पानं
जानेवारी १९८१ च्या भाषणात ते म्हणाले की, सध्याच्या संकटात सरकार हा उपाय नाही, सरकार हीच अडचण आहे. प्राप्तिकराचा वरचा दर ७० टक्क्यांवरून २८ पर्यंत उतरला. त्याच वर्षी संपावर गेलेल्या ११ हजारांवर हवाई नियंत्रकांना काढून टाकलं. गरिबांच्या योजनांना कात्री लागली. हे सगळं झालं. पण संरक्षणाचा खर्च वाढला, तूट वाढली, जपानी मोटारींच्या आयातीवर १९८१ मध्येच मर्यादा घालून घेतली, आणि १९८३ मध्ये शेतं पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना सरकारी गोदामातलं धान्य वाटलं. हात आखडला तो काही लोकांपुरता. म्हणून ‘सरकार किती’ यापेक्षा ‘सरकार कुणासाठी’ असं विचारलं की मला तो देश जास्त समजतो.

त्याआधीचा मोठा धक्का निक्सन यांचा. १५ ऑगस्ट १९७१, रविवारची संध्याकाळ. डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद, आयातीवर १० टक्के अधिभार, आणि पगार व किमती ९० दिवस गोठवल्या. बाजारावर श्रद्धा असलेल्या पक्षाच्या अध्यक्षाने हे केलं, कारण व्हिएतनामचा खर्च आणि घरच्या योजना एकाच वेळी पेलवत नव्हत्या, आणि पुढच्या वर्षी निवडणूक होती.

पुढे २००८ मध्ये बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरची तरतूद झाली, २००९ मध्ये जनरल मोटर्सचे सुमारे ६० टक्के समभाग सरकारकडे आले, २०२२ मध्ये चिपच्या कारखान्यांना अनुदान, २०२५ मध्ये इंटेल या चिप कंपनीत जवळपास १० टक्के हिस्सा. पक्ष कुठलाही असो.

—

वसईची वाट
आमच्या जवळचं उदाहरण : तारापूरचं अणुवीज केंद्र. १९६३ चा करार, अमेरिकी कर्ज, अमेरिकी अणुभट्ट्या, आणि ३० वर्षं इंधन द्यायची हमी. १९६९ मध्ये वीज सुरू झाली. १९७४ मध्ये पोखरणला भारताची अणुचाचणी झाली, आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने असा कायदा केला की, सगळ्या अणुकेंद्रांची तपासणी मान्य न करणाऱ्या देशाला इंधन मिळणार नाही. आधी झालेल्या कराराचं काय, तर त्यालाही तो लागू. १९८० मध्ये कार्टर यांनी इंधन पाठवायचं ठरवलं तेव्हा सिनेटमध्ये ते ४८ विरुद्ध ४६ मतांनी कसंबसं सुटलं. शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचं ठरलं. माझे मामा तिथे होते. इंधन पुरवून वापरायचं म्हणून भट्ट्या कमी क्षमतेने चालवायचे दिवस त्यांनी पाहिले. एका राष्ट्राध्यक्षाचा शब्द आणि अमेरिकेचा शब्द यांत संसद उभी असते, हे ते कायम सांगायचे.

—

पाऊलवाट
मला एक म्हणायचंय. धाग्यात सगळं स्वार्थाच्या चष्म्यातून चाललंय असं वाटतं. पासष्ट-सहासष्टच्या दोन दुष्काळांत त्या गव्हाने बिहारमध्ये माणसं जगवली. भुकेल्याला पोतं कुठल्या गोदामातलं याने काय फरक पडतो?

—

रानवारा
पाऊलवाट, तुमचं म्हणणं मान्य आहे आणि मी ते आधी लिहायला हवं होतं. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य आलं. त्यात अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा जवळपास पाचवा हिस्सा होता. बंदरांत जहाजांमागून जहाजं लागत होती. त्याने लाखो जीव वाचले आणि ते ऋण आहे.

पण फरक पडतो तो अटींमध्ये. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी एकदम मोठा करार करायचं बंद करून महिन्या-महिन्याने धान्य सोडायला सुरुवात केली. पुढचं जहाज निघणार की नाही याचा निर्णय ते स्वतः घ्यायचे. भारताने शेतीकडे लक्ष द्यावं हे एक कारण होतं, व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल भारत बोलतो याचा राग हे दुसरं. आणि तिसरं, ज्याची चर्चा फार होत नाही : तोवर अमेरिकेची गोदामं रिकामी होत आली होती. १९६६ च्या नव्या कायद्याने ‘जादा धान्य’ ही अटच काढली आणि रुपयांऐवजी हळूहळू डॉलर मागायला सुरुवात केली. गोदाम भरलेलं असताना आणि रिकामं होताना एकाच देशाचा आवाज किती बदलतो, हे त्या दोन-चार वर्षांत लख्ख दिसतं.

त्या ताणातून आपल्याकडे मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचं बियाणं आलं, आणि पुढची हरितक्रांती आपल्याला माहीत आहे.

—

इलिनॉयकर
आणि ते जमलेले रुपये? त्यांचं काय झालं?

—

रानवारा
ते रिझर्व्ह बँकेत अमेरिकेच्या खात्यावर साठत गेले. त्यातून दूतावासाचा खर्च चालायचा, आपल्याच प्रकल्पांना कर्ज मिळायचं. रक्कम इतकी वाढली की अमेरिकेने ती एकदम खर्च केली असती तर आपल्याकडे महागाई भडकली असती. फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत मोयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला आणि बहुतेक हिशेब मिटवला.

एक छोटी गोष्ट मला फार भावली. १९६२ पासून त्याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवायची योजना चालली. मराठीसुद्धा.

—

इलिनॉयकर
हे वाचून उडालोच. शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी कधीमधी जातो. मराठीची कपाटंच्या कपाटं आहेत, साठच्या दशकातले दिवाळी अंकही. एका कवितासंग्रहाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने ‘पीएल ४८०’ लिहिलेलं होतं. मला तो कपाटाचा क्रमांक वाटला होता.

—

तांबडी माती
रानवारा, डब्याचं काय केलंत? भंगारात देऊ नका.

—

रानवारा
नाही काका. घासून, उन्हात वाळवून घेतला. तळाला एक भोक होतं, ते झाळून आणलं. यंदाची मटकी निवडून झाली की त्यातच भरणार आहे, वर राख टाकून.